कीटकांचे आयुष्य आणि ऑक्सिजन : एक अभ्यासपाठ

पावसाळा सरल्यावर पडवीत अडकवून ठेवलेला विळा खाली काढावा, तो त्यावर तांबूस गंज चढलेला आढळतो. शेंगदाण्याचे तेल उघड्या भांड्यात बरेच दिवस राहिले की त्यास खवट वास येऊ लागतो. वांगे चिरून पाण्यात न टाकता ठेवले, तर त्याच्या फोडी थोड्याच वेळात काळ्या पडतात. दिसावयास या तीन गोष्टी निरनिराळ्या असल्या तरी त्यांच्या मुळाशी एकच रासायनिक क्रिया आहे. हवेतील ऑक्सिजनचा पदार्थाशी संयोग होऊन पदार्थाचे मूळ गुण बदलतात. या क्रियेस ऑक्सिडीभवन असे म्हणतात. ही क्रिया घडवून आणणारा पदार्थ तो ऑक्सिडीकारक आणि तिला अटकाव करणारा तो ऑक्सिडीभवनरोधक होय. विळ्यास तेलाचा हात फिरविल्याने गंज थांबतो, तो केवळ हवा व ओल अडविली गेल्यामुळे. परंतु फोडींना लिंबाचा रस चोळला असता त्या पांढऱ्या राहतात, यात लिंबाच्या आंबटपणाबरोबरच त्यातील क जीवनसत्त्वाचाही वाटा असतो. ते जीवनसत्त्व स्वतः ऑक्सिजनास बळी पडते आणि फोडीस वाचविते.

ज्या ऑक्सिजनाने विळा गंजतो, त्याच ऑक्सिजनावर माणूस, बैल आणि धान्यातील सोंडा हे सर्व जगतात. मग श्वासाबरोबर आत जाणारा हा वायू जिवंत शरीरासही हळूहळू गंजवीत असेल काय? आणि तसे असल्यास, ऑक्सिडीभवनरोधक पदार्थ खाऊ घालून वार्धक्य लांबविता येईल काय? हा प्रश्न शास्त्रज्ञांनी माणसावर नव्हे, तर प्रथम माशा, चिलटे आणि भुंगेरे यांवर तपासून पाहिला. शेतकऱ्यास यात काय स्वारस्य, अशी शंका कोणी घेईल. परंतु कोठारात धुरी देण्यासाठी वापरला जाणारा विषारी वायू, बांधावर फवारले जाणारे एक तणनाशक आणि पोळ्यातील राणीमाशीचे दीर्घायुष्य, या तिघांचा उलगडा याच प्रश्नाच्या अभ्यासातून झाला आहे. म्हणून कृषी विद्यालयांतील विद्यार्थी आणि जिज्ञासू शेतकरी यांच्यासाठी हा पाठ लिहिला आहे.

कल्पनेचा उगम

न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत जॅक लोब आणि जॉन नॉर्थ्रॉप यांनी १९१७ मध्ये केळ्यावर घोंघावणारी चिलटे निरनिराळ्या तपमानांत वाढवून पाहिली. जितके तपमान कमी, तितके चिलटांचे आयुष्य अधिक, असे त्यांस दिसून आले. पुढे बाल्टिमोर येथील रेमंड पर्ल यांनी १९२८ मध्ये एक ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले की, प्राणी जितक्या वेगाने जगतो, म्हणजे अन्न व ऑक्सिजन यांचा जितक्या वेगाने व्यय करतो, तितके त्याचे आयुष्य लवकर संपते. ही कल्पना मनास पटणारी होती. परंतु वेगाने जगल्यामुळे शरीरात नेमके काय झिजते, हे तिने सांगितले नव्हते.

ते सांगण्याचा प्रयत्न कॅलिफोर्नियातील बर्कली येथे काम करणारे डेनम हार्मन यांनी १९५६ मध्ये केला. पेशीतील तंतुकणिकांत अन्नाचे ज्वलन होत असताना ऑक्सिजनाचा बहुतेक भाग पाण्यात रूपांतरित होतो, पण थोडा भाग अर्धवट अवस्थेत निसटतो. हे निसटलेले कण अत्यंत चंचल असतात. त्यांना मुक्त मूलक म्हणतात. जवळ सापडेल त्या प्रथिनास, स्निग्ध पदार्थास किंवा जनुकद्रव्यास ते डसतात. जन्मभर साचत गेलेली ही इजा म्हणजेच वार्धक्य, असे हार्मन यांचे मत होते. चुलीतून उडणाऱ्या ठिणग्यांनी घोंगडीस हळूहळू भोके पडावीत, तसा हा प्रकार त्यांनी कल्पिला होता.

त्या वेळी पुष्कळांना हे मत फारसे पटले नाही. १९६९ मध्ये जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी ड्यूक विद्यापीठात असे एक एंझाइम शोधून काढले की, ज्याचे काम केवळ या चंचल कणांपैकी सुपरऑक्साइड नावाच्या कणास निष्प्रभ करणे हेच आहे. त्यास सुपरऑक्साइड डिस्म्युटेज असे नाव मिळाले. शरीराने ज्या शत्रूविरुद्ध स्वतंत्र पहारेकरी नेमला आहे, तो शत्रू खरोखरच असला पाहिजे, हे उघड होते. या पहारेकऱ्याच्या कामातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. त्याचे पाणी व ऑक्सिजन करून टाकणारे दुसरे एंझाइम म्हणजे कॅटलेज होय. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी टाकले असता जो फेस येतो, तो या कॅटलेजचाच प्रताप आहे.

कीटकांचीच निवड का?

वार्धक्याचा प्रयोग बैलावर करावयाचा म्हटला तर वीस वर्षे लागतील. प्रयोगशाळेतील चिलट २५ अंश सेल्सिअस तपमानात अंड्यापासून सुमारे १० दिवसांत प्रौढ होते आणि त्यानंतर साधारण दीड ते दोन महिने जगते. एका हिवाळ्यात जन्मापासून मरणापर्यंतचा सारा हिशेब हाती येतो. आंबा व काकडीवर्गीय फळे पोखरणारी फळमाशी निराळी. येथे अभिप्रेत असलेले चिलट हे पिकल्या केळ्यावर जमणारे, तांबड्या डोळ्यांचे, बारीक कीटक होय.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. कीटकाच्या शरीरात रक्त ऑक्सिजन वाहून नेत नाही. अंगावरील छिद्रांपासून निघालेल्या सूक्ष्म श्वासनलिका थेट स्नायूपर्यंत हवा पोचवितात. उडणाऱ्या माशीच्या पंखाच्या स्नायूंइतका ऑक्सिजनाचा व्यय क्वचितच कोठे होत असेल. शिवाय प्रौढ कीटकाच्या, आतडे आदी काही भाग वगळता, बहुतेक पेशी पुन्हा विभागत नाहीत. घराची कौले एकदा घातली ती घातली, बदलावयाची नाहीत, असा हा कारभार असतो. झीज झाली तर ती तेथेच राहते आणि मोजता येते.

घरमाशीवर राजिंदर सोहल आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात केलेले प्रयोग या दृष्टीने नमुनेदार आहेत. काही माशा मोठ्या पिंजऱ्यात ठेवल्या, तर काही इतक्या लहान बाटल्यांत की त्यांना चालता येई, पण उडता येत नसे. अन्नपाणी दोघींना सारखे. न उडणाऱ्या माशांचे आयुष्य उडणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट भरले. पर्ल यांच्या म्हणण्यास यामुळे बळकटी आली आणि हार्मन यांच्याही.

ऑक्सिडीकारक देऊन पाहिले असता

एखाद्या गोष्टीने वार्धक्य येते असे म्हणावयाचे, तर ती वाढविल्यावर आयुष्य घटले पाहिजे. ही परीक्षा तीन प्रकारे घेण्यात आली. पहिला प्रकार, शुद्ध ऑक्सिजनात कीटक ठेवणे. महिना दीड महिना सहज जगणारी चिलटे अशा हवेत थोड्याच दिवसांत मरतात. दुसरा, साखरेच्या पाण्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड पाजणे. तिसरा, पॅराक्वॉट देणे.

पॅराक्वॉट हे नाव वाचकांपैकी अनेकांच्या परिचयाचे असेल, कारण ते एक तणनाशक आहे. त्याची क्रिया मोठी विलक्षण आहे. हा पदार्थ पेशीतील एक विद्युत्कण उचलतो, तो ऑक्सिजनास देऊन सुपरऑक्साइड तयार करतो आणि स्वतः पूर्वस्थितीस येऊन पुन्हा दुसरा कण उचलावयास मोकळा होतो. एकाच घागरीने विहीर उपसत राहावे, तसे हे चालते. हिरव्या पानात सूर्यप्रकाशामुळे अशा विद्युत्कणांचा सुकाळ असतो, म्हणून उन्हात तण काही तासांतच करपते. चिलटाच्या आणि माणसाच्या शरीरातही हेच घडते. पॅराक्वॉट पोटात गेल्यास त्यावर खात्रीचा उतारा उपलब्ध नाही, आणि माणसात त्याचा रोख विशेषेकरून फुफ्फुसांवर असतो. कारण ऑक्सिजन तेथेच मुबलक आहे. तणनाशकाची बाटली पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये असे जे वारंवार सांगितले जाते, त्यामागील शास्त्र हे असे आहे.

उलट दिशेनेही परीक्षा झाली. १९८९ मध्ये कॅनडातील संशोधकांनी सुपरऑक्साइड डिस्म्युटेज अजिबात तयार न करू शकणाऱ्या चिलटांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे आयुष्य पुष्कळच तोकडे होते, नर वांझ होते आणि पॅराक्वॉट त्यांस मुळीच सोसत नसे. पहारेकरी काढून घेतला की घर लुटले जाते, हे सिद्ध झाले.

येथेच एक बारीक पण महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावयास हवा, आणि या विषयावरील अनेक लेखांत तो सुटून जातो. पहारेकरी नसला की चोरी होते, एवढ्यावरून दोन पहारेकरी अधिक ठेवल्यास घर शंभर वर्षे टिकेल असे ठरत नाही. खताच्या अभावी पीक खुरटते. म्हणून खत दुप्पट केल्याने उत्पन्न दुप्पट होत नाही, हे कोणत्याही अनुभवी शेतकऱ्यास सांगावे लागत नाही.

संरक्षण वाढविले तर?

१९९४ मध्ये विल्यम ऑर आणि राजिंदर सोहल यांनी सुपरऑक्साइड डिस्म्युटेज आणि कॅटलेज या दोन्हींच्या जनुकांच्या जादा प्रती चिलटांत घातल्या. अशा काही वाणांचे आयुष्य जवळजवळ एक तृतीयांशाने वाढल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. १९९८ मध्ये माणसाचे तेच जनुक केवळ चिलटाच्या स्नायूंना आज्ञा देणाऱ्या मज्जापेशींत कार्यान्वित करून, आयुष्य सुमारे ४० टक्क्यांपर्यंत वाढल्याचे दुसऱ्या एका गटाने दाखविले. त्याच वर्षी सीमोर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत एका जनुकात बिघाड असलेले असे चिलट सापडले की, जे सुमारे एक तृतीयांश अधिक जगे आणि उष्णता, उपासमार व पॅराक्वॉट या तिन्हींस अधिक तोंड देई. हार्मन यांचे मत आता सिद्धांताच्या पदवीस पोचले, असे अनेकांस वाटले असल्यास नवल नाही.

परंतु पुढे जे घडले ते शास्त्रीय प्रामाणिकपणाचे उत्तम उदाहरण आहे. ऑर आणि सोहल यांनी तोच प्रयोग पुन्हा हाती घेतला, मात्र या खेपेस जी चिलटे मुळातच सुदृढ व दीर्घायुषी होती त्यांवर. २००३ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले : एंझाइमे वाढली, पण आयुष्य वाढले नाही. आधीच्या प्रयोगात तुलनेसाठी घेतलेली चिलटे अल्पायुषी असल्यामुळे, जनुक घातलेली चिलटे त्यांच्या शेजारी दीर्घायुषी भासली असावीत, असा याचा अर्थ होतो. आपलाच गाजलेला निष्कर्ष आपणच तपासून मागे घेण्यास धैर्य लागते. वाणांची चाचणी घेताना शेजारचा वाफा मुळातच खडकाळ असेल, तर कोणतेही बियाणे त्याच्यापुढे सरस ठरेल. तोच हा दोष आहे.

ऑक्सिडीभवनरोधक पदार्थ खाऊ घालण्याच्या प्रयोगांची कथाही अशीच आहे. ई जीवनसत्त्व, क जीवनसत्त्व, गंधकयुक्त संयुगे, तसेच सुपरऑक्साइड डिस्म्युटेजचे काम करणारी कृत्रिम द्रव्ये चिलटांना व घरमाशांना देण्यात आली. काही प्रयोगांत आयुष्य थोडे वाढले, काहींत तसेच राहिले आणि मात्रा जास्त झाली तेथे घटले. घरमाशीस ही कृत्रिम द्रव्ये देऊन २००२ मध्ये आणि चिलटास देऊन २००६ मध्ये जे प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यांत निरोगी कीटकांचे आयुष्य वाढले नाही. जेथे संरक्षण आधीच तोकडे आहे तेथे अशा द्रव्यांचा उपयोग होतो. धडधाकट कीटकास ते देऊन फारसे हाती लागत नाही, असा आजवरच्या बहुतेक प्रयोगांचा कल आहे.

याहून गंमतीची गोष्ट पिठातील भुंगेऱ्याची. अमेरिकेतील व्हीलर डेव्ही यांनी १९१७ व १९१९ मध्ये या भुंगेऱ्यांवर क्ष-किरण सोडले. हे किरण शरीरातील पाणी फोडून मुक्त मूलके तयार करतात, तेव्हा भुंगेरे लवकर मरावेत हे ओघानेच आले. आणि मोठ्या मात्रेने ते मेलेही. पण अगदी अल्प मात्रा मिळालेले भुंगेरे किरण न मिळालेल्यांपेक्षा अधिक जगले. थोड्या इजेमुळे शरीराची दुरुस्तीची यंत्रणा जागी होते, असे याचे स्पष्टीकरण आज देण्यात येते. म्हणजे मुक्त मूलके ही केवळ चोर नव्हेत, ती चोर आल्याची वर्दीही देतात. सारी वर्दीच बंद केली तर पहारेकरी झोपी जाईल.

पोळ्यातील पुरावा

युरोपीय मधमाशीची राणी आणि कामकरी माशी एकाच प्रकारच्या अंड्यातून निपजतात. तरीही हंगामात राबणारी कामकरी काही आठवडेच जगते, तर राणी काही वर्षे. असे असता राणीच्या शरीरात ऑक्सिडीभवनरोधक एंझाइमे कामकरीपेक्षा भरपूर असावीत, अशी अपेक्षा होती. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तसे आढळले नाही. राणीत या एंझाइमांच्या जनुकांचे कार्य वयाबरोबर उलट मंदावलेले दिसले.

मग भेद कोठे आहे? एक उत्तर स्निग्ध पदार्थांत सापडले. जवसाचे तेल हवेत लवकर वाळते व चिकट होते, तर खोबरेल बरेच दिवस टिकते. कारण जवसाच्या तेलात ऑक्सिजनास सहज बळी पडणारी मेदाम्ले अधिक असतात. २००७ मध्ये असे दाखविण्यात आले की, कामकरी माशी पराग खाऊ लागल्यावर पहिल्या आठवड्यातच तिच्या पेशींच्या आवरणात जवसाच्या तेलासारखी मेदाम्ले वाढतात, आणि राणीच्या आवरणात ती कमीच राहतात. राणी स्वतः पराग खात नाही. कामकरी माश्या आपल्या ग्रंथींतून पाझरलेले अन्न तिला भरवितात. दुसरे उत्तर व्हायटेलोजेनिन या प्रथिनाचे. हे अंड्यातील बलकाचे मूळ द्रव्य असून राणीत ते विपुल असते. २००६ मध्ये कामकरी माश्यांत हे प्रथिन कमी करून त्यांना पॅराक्वॉट टोचले असता त्या लवकर मेल्या. ज्यांच्यात ते अधिक, त्या अधिक टिकल्या.

मधुपालांनी यावरून एवढेच घ्यावे की, पाकात जीवनसत्त्वांची पूड मिसळून वसाहतीचे आयुष्य वाढविता येईल, असा निष्कर्ष यातून निघत नाही. सातेरीच्या पेट्यांजवळ वर्षभर काही ना काही फुलोरा राहील अशी व्यवस्था करणे हाच खर्च सार्थकी लागतो.

कोठारातील धुरी

आता ज्या बाबीत चूक झाल्यास धान्यच नव्हे तर प्राण जातात, तिकडे वळू. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीस हवेतील ओल लागली की फॉस्फीन वायू सुटतो. ३ ग्रॅमच्या गोळीपासून सुमारे १ ग्रॅम वायू निघतो. हा वायू कीटकाच्या तंतुकणिकांतील श्वसनात बिघाड करतो आणि मुक्त मूलकांची निपज वाढवितो. त्यामुळे त्याचे कार्य ऑक्सिजनावर अवलंबून असते. ज्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ नाहीच, तेथे फॉस्फीन असूनही कीटक त्यास दाद देत नाहीत. विष आत शिरण्यास व बाधण्यास कीटकाचा श्वासच कारण होतो.

यातून व्यवहारात उपयोगी पडणाऱ्या तीन गोष्टी निघतात. हवाबंद पिशवीत धान्य भरले असता आतील कीटक स्वतःच ऑक्सिजन संपवितात आणि त्यांची वाढ खुंटते. अशा पिशवीत आणखी गोळी टाकणे म्हणजे दोन उपाय एकमेकांस मारक करणे होय. दुसरी, थंडीत कीटकांचा श्वास मंद असतो, म्हणून धुरीस अधिक दिवस लागतात. तिसरी, अंडी व कोष यांचा श्वास अळी आणि प्रौढ भुंगेरा यांच्यापेक्षा मंद असल्याने ते पहिल्या तडाख्यातून वाचतात; ते पुढील अवस्थेत येईपर्यंत वायू टिकला पाहिजे. म्हणूनच धुरी दिवसांत मोजावयाची, तासांत नव्हे.

फटी असलेल्या कोठारात वायू निसटतो, दुबळे कीटक मरतात आणि चिवट तेवढे उरून त्यांचीच प्रजा वाढते. अशा चिवट कीटकांचे रहस्य २०१२ मध्ये उलगडले. श्वसनक्रियेतील डायहायड्रोलिपोअमाइड डिहायड्रोजिनेज नावाच्या एंझाइमात थोडा बदल झालेल्या तांबड्या भुंगेऱ्यास व धान्य पोखरणाऱ्या लहान भुंगेऱ्यास फॉस्फीन फारसा बाधत नाही, असे क्वीन्सलँड विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले.

माणसाच्या पेशीतही तंतुकणिका आहेत, आणि त्या फॉस्फीनास भुंगेऱ्याच्या तंतुकणिकांप्रमाणेच बळी पडतात. राहत्या घरात, माजघरातील कणगीत किंवा झोपण्याच्या खोलीस लागून असलेल्या कोठीत या गोळ्या कदापि वापरू नयेत. भारतात या गोळ्यांच्या विक्री व वापरावर निर्बंध आहेत. धुरीचे काम प्रशिक्षित माणसाकडूनच करवून घ्यावे. घरच्या धान्यास कडक ऊन, कोरडी साठवण आणि हवाबंद पिशवी हे उपाय पुरेसे होतात.

धुरीशी संबंधित नसलेला, पण याच तत्त्वाचा एक उपयोग येथेच नोंदवितो. किरणांनी वांझ केलेले नर सोडून किडीचा नायनाट करण्याची पद्धत एडवर्ड निप्लिंग यांनी सुचविली आणि १९५४ मध्ये क्युरसाव बेटावर जनावरांच्या जखमेत वाढणाऱ्या माशीवर ती यशस्वी झाली. अडचण एवढीच की, किरणांनी नर दुबळा होतो. २०१२ व २०१४ मध्ये फ्लोरिडात एका फळमाशीवर असे दिसून आले की, किरण देण्यापूर्वी नरांना थोडा वेळ ऑक्सिजनाविना ठेवले असता त्यांस इजा कमी होते, ते अधिक जगतात आणि मादीस अधिक पसंत पडतात. येथे कोणतेही औषध खाऊ घातलेले नाही. ऑक्सिजनाचा अल्पकाळ अभाव हाच उपचार झाला.

विद्यार्थ्यांनी करावयाचा प्रयोग

कृषी विद्यालयात हा प्रयोग चिलटांवर अल्प खर्चात होऊ शकतो. पॅराक्वॉट या कामी मुळीच वापरू नये. हायड्रोजन पेरॉक्साइड पुरेसे आहे.

खाद्यासाठी १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम रवा व १० ग्रॅम आगार शिजवून, थोडे निवल्यावर बुरशी न येण्यासाठी ७.५ मिलिलिटर प्रोपिऑनिक आम्ल घालावे आणि वाफाळत असतानाच बाटल्यांत ओतावे. निवल्यावर वर यीस्टचे थोडे दाणे पेरावे. पिकल्या केळ्यावर जमलेली चिलटे त्यात सोडून कापसाचा बोळा बसवावा. पुढील पिढी निघाली की बाटली काही मिनिटे बर्फात ठेवून चिलटे सुन्न करावी आणि भिंगाखाली नर वेगळे करावे. नराच्या पोटाचे टोक बोथट व काळे, तर मादीचे टोकदार असते. प्रयोगास केवळ एकाच दिवशी निघालेले नर घ्यावे, म्हणजे अंडी घालण्यामुळे होणारी झीज हिशेबात येत नाही.

एका बाटलीत २० नर, याप्रमाणे प्रत्येक गटास निदान ५ बाटल्या असाव्यात. गट चार : साधे खाद्य मिळणारा, क जीवनसत्त्व मिळणारा, पुढे पेरॉक्साइड मिळणारा, आणि आधी जीवनसत्त्व व मग पेरॉक्साइड मिळणारा. औषधाच्या दुकानातील पेरॉक्साइडवर १० व्हॉल्युम असे लिहिले असल्यास ते सुमारे ३ टक्के आणि २० व्हॉल्युम असल्यास सुमारे ६ टक्के असते. ३ टक्क्यांच्या द्रावणाचा १ भाग आणि ७.५ टक्के साखरेच्या पाण्याचे २ भाग मिसळले की, १ टक्का पेरॉक्साइड व ५ टक्के साखर असे द्रावण होते. यात भिजविलेला टीपकागद बाटलीत ठेवावा आणि रोज ताजा बदलावा, कारण उजेडात पेरॉक्साइड विघटित होते. ज्या गटांना पेरॉक्साइड द्यावयाचे नाही, त्यांस त्याऐवजी त्याच प्रमाणात साधे पाणी मिसळलेले साखरेचे द्रावण द्यावे.

येथे बहुतेक विद्यार्थी एक चूक करतात. जीवनसत्त्व आणि पेरॉक्साइड ते एकाच द्रावणात मिसळतात, आणि चिलटे जगली की जीवनसत्त्वाने त्यांस वाचविले असे लिहितात. वस्तुतः ती दोन द्रव्ये बाटलीतच एकमेकांस खाऊन टाकतात. चिलटाच्या पोटात काही घडलेलेच नसते. म्हणून जीवनसत्त्व आठवडाभर आधी खाद्यातून द्यावे, मग ते बंद करून पेरॉक्साइड सुरू करावे. शिवाय द्रावणात लोहाचा अंश असल्यास हेच जीवनसत्त्व ऑक्सिडीभवनास उलट चालना देते, तेव्हा गंजका चमचा किंवा विहिरीचे पाणी वापरू नये, ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे.

प्रस्तुत लेखकाने विद्यार्थिदशेत हा प्रयोग प्रथम केला, तेव्हा क जीवनसत्त्व मिळालेली चिलटे खरोखरच अधिक जगली आणि आम्हां सर्वांस मोठा आनंद झाला. आमच्या शिक्षकांनी एकच प्रश्न विचारला, "ती पोटभर जेवली होती काय?" पुन्हा प्रयोग करताना खाद्यात खाण्याचा निळा रंग मिसळला. साध्या खाद्यावरील चिलटांची पोटे निळी दिसली. आंबट खाद्यावरील पुष्कळांची फिकटच राहिली. ती अर्धपोटी होती, आणि अन्न कमी मिळाले तर चिलटे अधिक जगतात ही गोष्ट स्वतंत्रपणे सिद्ध आहे. त्यामुळे आंबट नसलेले सोडियम ॲस्कॉर्बेट वापरणे चांगले, आणि रंगाची परीक्षा तर कधीच वगळू नये.

बाटल्या एकाच तबकात, गटांची सरमिसळ करून ठेवाव्या आणि तबक रोज फिरवावे. खिडकीकडील बाटली दोन अंशांनी जरी अधिक तापली तरी तिच्यातील चिलटे लवकर मरतात. बाटल्यांवर केवळ क्रमांक असावा. कोणता क्रमांक कोणत्या गटाचा, हे मोजणी करणाऱ्यास ठाऊक नसावे. आपणास हवे ते पाहण्याची डोळ्यांस फार सवय असते. दर दोन दिवसांनी चिलटे ताज्या खाद्यावर हलवावी आणि मेलेली मोजावी. हलविताना उडून गेलेले चिलट मृतांत धरू नये, त्याची नोंद वेगळ्या रकान्यात करावी. खाद्यास चिकटून मेलेल्याचीही तशीच.

प्रत्येक गटातील निम्मी चिलटे कोणत्या दिवशी संपली आणि शेवटची दहांतील एक किती दिवस टिकली, हे दोन्ही आकडे काढावे. पेरॉक्साइडवर किती दिवस टिकली आणि साध्या खाद्यावर किती दिवस जगली, हे दोन निरनिराळे प्रश्न असून त्यांची उत्तरे एका रकान्यात लिहू नयेत. आपल्या साध्या खाद्यावरील चिलटांची निम्मी संख्या दोन आठवड्यांतच मेली, तर तो प्रयोग रद्द समजावा. खाद्य, उष्मा किंवा बुरशी यांपैकी काहीतरी बिघडले आहे आणि अशा गटाशी केलेली तुलना निरर्थक आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ या कामास सोयीचा. मे महिन्यातील उष्म्यात चिलटे औषधावाचूनच मरतात.

काम संपल्यावर बाटल्या उकळत्या पाण्यात बुडवून मगच धुवाव्या, नाहीतर उरलेल्या अळ्यांतून चिलटे निघून शाळेच्या स्वयंपाकघरात जातील. उरलेले पेरॉक्साइड मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी, मूळ बाटलीतच, अंधारात ठेवावे.